शेवटच्या नाचाची लय

फ्रीगंज, उज्जैन
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
मृणालचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुझे शब्द अडकतात आणि माझे थांबत नाहीत, म्हणून आपलं पत्रच बरं. इकडे सगळे ठीक. ह्यांची बँकेतली वर्षअखेरीची धावपळ सुरू झाली आहे, म्हणजे घरात आम्ही दोघीच, मी आणि इशिता.

तुझ्याकडे काम आहे. मराठी मंडळाने पाडव्याच्या कार्यक्रमात माझ्या नृत्याच्या क्लासला वेळ दिला आहे. नृत्य बसवायला भोपाळहून विहंग आलाय. वय तिशीचं, हट्ट लहान पोराचा. त्याला तो रशियन बॅले करायचाय, ज्याच्या पहिल्या प्रयोगाला शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गोंधळ झाला होता. वसंत यावा म्हणून गाव एक मुलगी निवडतं आणि ती मरेपर्यंत नाचते. गोष्ट ऐकून आमचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी चष्मा काढला आणि सणाच्या दिवशी मुलगी मारणार काय, असं विचारलं. विहंग शांतपणे म्हणाला, स्टेजवरच मारणार, साहब. कसे कोण जाणे, भय्यासाहेब हो म्हणाले.

ती मुलगी आपली इशिता. आई म्हणून नाही, शिक्षिका म्हणून निवडली हो.

आता प्रश्न त्या बॅलेच्या संगीताच्या रेकॉर्डिंगचा. विहंगला सगळ्यांत वेगवान हवंय. मला मात्र प्रत्येकात वेगळंच काही ऐकू येतं आणि ठरवता येत नाही. तू रेडिओत जन्मभर ध्वनिमुद्रण केलंस. तुझ्या कपाटातली काढ, ऐक आणि कुठलं घेऊ ते सांग.

वहिनींना नमस्कार. तुझ्या रागालोभाची सवय झालेली,
मृणाल


सांगली
९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार दिवस घरात तेच वाजतंय. तुझी वहिनी म्हणते, शेजारच्यांना वाटेल घराचं बांधकाम काढलंय.

माझ्याकडे तीन आहेत. पेन ड्राइव्हवर घालून पाठवतोय. एकाच कागदावरचं संगीत, पण तिन्हींत मुलगी वेगळी मरते. पहिलं फार जुनं, खरखर पुष्कळ. वाजवणाऱ्यांनाच ते संगीत झेपत नाहीये, दोन ठिकाणी तर चक्क चुकतात. पण त्यांची ती भीती खरी आहे. दुसरं अमेरिकन वाद्यवृंदाचं, स्टुडिओतलं. ढोलाचा प्रत्येक ठोका खिळ्यासारखा बसतो. शेवटच्या नाचात ते तिला श्वासच घेऊ देत नाहीत. तिसरं एका म्हाताऱ्या वाद्यवृंद-संचालकाचं, मैफलीतलं. श्रोते खोकतात, मधूनच तो स्वतः हुंकार भरतो. लय संथ. दोन आघातांमध्ये जागा सोडतो आणि त्या जागेत कळतं, की गाव थांबून तिच्याकडे बघतंय.

माझं मत दुसऱ्याकडे झुकतंय. तुझा विहंग वेडा नाही. पण ते तिसरं मला पुन्हा पुन्हा मागे ओढतं. आठवडाभर थांब, मग पक्कं सांगतो.

इशिताला माझ्याकडून पाठीवर एक धपका.
तुझा,
दादा


उज्जैन
१५ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
इशिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मामा, हे पत्र आईला ठाऊक नाही. तिला कळूही देऊ नकोस, प्लीज.

तू पाठवलेली तिन्ही आम्ही ऐकली. विहंगसर दुसऱ्यावर फिदा आहेत. त्यावरच प्रॅक्टिस सुरू झाली. आई म्हणते, दादाचं पत्र येऊ दे, तो म्हणेल ते फायनल. सरांनीही मान्य केलंय, कारण तुझं पत्र वाचून ते जाम इम्प्रेस झाले.

म्हणून विनंती आहे. तिसरं चांगलं आहे असं लिही ना. तुला ते आवडलंयच, म्हणजे खोटं थोडंच होईल? उगाच का, कशाला, विचारू नकोस.

भैरवगढहून आमच्या कपड्यांचं छापील कापड आलं. माझं एकटीचं लाल आहे, बाकी सगळ्यांचं मातकट. मस्त दिसतं.

नेहमीसारखाच लाडका राहा,
इशिता


सांगली
२० फेब्रुवारी २०२५

चि. इशितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू माझ्याकडे आजवर सायकल मागितलीस, घुंगरू मागितलेस, एकदा मांजर मागितलंस. दर वेळी कारणं इतकी द्यायचीस की मी कंटाळून हो म्हणायचो. या वेळी एकही कारण नाही. त्यानेच मला काळजी लागली.

मी इतर बाबतींत सोयीचं बोलतो, बाळ. पण कानाला जे वाटलं ते मी कधी बदलून सांगितलं नाही. संथ लय तुला का हवी ते आधी कळव. मग बघू. तोवर तुझ्या आईला काही लिहीत नाही.

वाट पाहणारा,
मामा


उज्जैन
२५ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

ठीक आहे. सांगते. पण शपथ आहे तुला माझी.

त्या फास्टवाल्यावर नाचताना मला काहीतरी होतं. दमते तसं नाही. दमणं मला माहीत आहे. एकदम कुणी बटण दाबल्यासारखी छातीत धडधड सुरू होते, इतकी की मोजता येणार नाही. गळ्यापर्यंत वाजते. मग डोळ्यांपुढे काळं. आणि तशीच एकदम बंद होते. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, चहा घेतला नव्हता म्हणून असेल. आतापर्यंत बऱ्याचदा झालंय. काल तर घरी जिना चढताना झालं.

तिसऱ्यात तू म्हणतोस ती जागा आहे ना, तिथे मला सावरता येतं. ते मिळालं तर मी निभावून नेईन.

आईला सांगितलं तर ती त्याच क्षणी सगळं बंद करील. पाडव्यानंतर विहंगसर मला त्यांच्या ग्रुपमध्ये भोपाळला नेणार आहेत. खरंच म्हणालेत, गंमत नाही. उज्जैनमध्ये असं कोण येतं मामा, पुन्हा पुन्हा? क्लासमधली श्रुती माझ्या सगळ्या स्टेप्स पाठ करून बाजूला उभीच असते. चांगली मुलगी आहे, पण उभी असते.

एवढे पाच आठवडे सांभाळून घे. मग मी स्वतः डॉक्टरकडे जाते, पक्का.

तुझ्या भरवशावर असलेली,
इशिता


सांगली
२ मार्च २०२५, रविवार

चि. इशितास,
आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेल तोवर तू माझ्यावर रागावलेली असशील. तुझं पत्र काल दुपारी आलं. काल दोनदा फोन लावला आणि तोंडातून आवाज निघेना म्हणून ठेवून दिला. आज सकाळी तुझ्या आईला पुन्हा लावला. तुझ्या नावावरच अडकलो. तुझी मामी शेजारी उभी राहून म्हणत होती, मी बोलते, द्या. पण शपथ मला घातली होतीस, तर मोडायचीही मीच, असं वाटलं. शेवटी निघाले शब्द. तुझ्या आईने ऐकताच फोन ठेवला. त्यानंतर दुपार झाली, तिकडून काहीच नाही. आम्ही लावतो तर कुणी उचलत नाही.

म्हणून हे लिहीत बसलोय. हात रिकामे ठेववत नाहीत.

रेकॉर्डिंगबद्दलही सांगतो. नाचाला दुसरंच योग्य आहे. तिसरं योग्य म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, आणि त्या खोट्यावर तू नाचली असतीस.

रागाव, पण कळव,
मामा


उज्जैन
१४ मार्च २०२५

ती. दादास,
मृणालचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ह्यांनी तुम्हाला फोनवर सगळं सांगितलंच आहे. तरी मला लिहायचंय. एवढे दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं चुकून लागलाय, ठेवणारच होते. मग तू ‘इ’ म्हणालास. पुन्हा ‘इ’. तुलाच काही झालंय असं वाटलं. आणि मग तू सांगितलंस. क्लासचा हॉल दोन गल्ल्या पलीकडे. पायांत चप्पल नव्हती हे नंतर लक्षात आलं.

दारात पोचले तेव्हा तो शेवटचा नाच चालू होता, तोच वेगवान. आणि माझ्यासमोर इशिता पडली. दादा, त्या नाचात तिने पडायचंच असतं. सगळ्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. विहंग तर उठून वाहवा करत होता. पण संगीत अजून संपलं नव्हतं. तुझा फोन आला नसता तर मीही कौतुकाने बघतच राहिले असते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

रिक्षात शुद्धीवर आली. इथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघून त्याच दिवशी इंदूरला पाठवलं. हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट होती म्हणे. जोराच्या श्रमात त्या वाटेने ठोके सुटायचे. पायाच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळली. आता धोका नाही, पण काही आठवडे नाच नाही.

वर्षानुवर्षं समोर नाचवली आणि मला दिसलं नाही. हे मी कुणाला सांगू?

पाडव्याला श्रुती नाचेल. इशिता माझ्याशी जेवणापुरतं बोलते. तुझं नाव काढलं की उठून जाते. तिला वेळ दे.

आज धुळवड. पोरं रंग घेऊन आली होती, हिने दार उघडलं नाही.

तुझ्या मायेतून उतराई न होणारी,
मृणाल


उज्जैन
३१ मार्च २०२५

ती. मामास,
इशिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं फोडलं नव्हतं, आज फोडलं.

काल कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हते. आई म्हणाली नको जाऊ, म्हणून गेले. हॉल भरला होता. भय्यासाहेबांनी प्रस्तावनेत तीनदा सांगितलं, की मुलगी खरी मरत नाही, घाबरू नका. लोक हसले. मी नाही हसले, आईही नाही.

श्रुती माझं लाल कापड नेसली होती. छान नाचली. हे लिहिताना पेन दाबलं गेलंय, दिसेल तुला. रेकॉर्डिंग तुझं तिसरं होतं. विहंगसर म्हणाले, त्या दिवसापासून त्यांना दुसरं ऐकवत नाही. मला सर म्हणाले, भोपाळचं नंतर बघू. ‘नंतर’ म्हणजे काय ते मला समजतं, मी बच्ची नाही.

आणि मामा, बाहेर बसून ऐकलं तर ते तिसरं संथ वाटलंच नाही. त्या जागा येतात तेव्हा वाटतं, कुणीतरी मध्ये पडून थांबवेल. कुणी थांबवत नाही. मी आत असताना त्या जागांत फक्त श्वास घ्यायचा विचार केला होता.

शेवटचा नाच सुरू झाला तेव्हा आईने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, समजूत घालतेय, आणि मला राग आला. हात सोडवणार होते. तेवढ्यात लक्षात आलं, की तिची बोटं माझ्या मनगटावर आहेत. स्टेजवर श्रुती फिरत होती, ढोल कोसळत होते, सगळा हॉल तिकडे बघत होता, आणि आई डोळे मिटून माझी नाडी बघत होती.

मी हात तसाच राहू दिला.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तरी मे महिन्यात सांगलीला येतेय. मामीला आंबे आणून ठेवायला सांग.

तुझी,
इशिता