राखून ठेवलेलं मूठभर पीठ

आई, आज शहापूरच्या वर्गात मुलांना यीस्टमधलं ते प्रथिनं कापणारं विकर शिकवलं, ज्याच्यामागे माझं अर्धं आयुष्य गेलं. फळ्यावर दोन फुगीर भाग काढले, मधे खोल खाच. त्या खाचेत पाण्याचा एक रेणू धरलेला असतो, त्याच्या जोरावर प्रथिनाची साखळी तुटते. पण जन्मतः विकराच्या तोंडावर एक तुकडा बसवलेला असतो. पेशीतल्या आंबट पिशवीत पोचल्यावरच तो सुटतो, नाहीतर वाटेतच सगळं कापत सुटेल. हे सांगताना मी अडखळले. माझ्या तोंडावर कुणी असं काही बसवलं नव्हतं.

म्हसा गावच्या जत्रेला मी माझ्या प्रयोगशाळेतली माणसं घरी आणली होती. तू वडे तळत होतीस. दर सणाला त्या पिठातलं मूठभर तू मडक्यात राखून ठेवायचीस, पुढचं पीठ आंबवायला. तुझ्या सासूकडून आलेलं. लग्न असलं की अर्धी आळी तुझ्याकडून न्यायची. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, हे जुनाट आंबट पीठ खाऊन आजारी पडाल. पाहुण्यांनी हात आखडले. तू कढई खाली उतरवलीस. सकाळी पाहते तर मडकं राखेने घासून अंगणात पालथं, आणि पिठाचा गोळा कोंबड्यांपुढे.

"तुज्या मानसांसमोर लाज नको गो," तू म्हणालीस. "आता नाय ठेवायची मी."

त्याच उन्हाळ्यात तू गेलीस.

दोन सणांच्या मधे ते पीठ उपाशीच असायचं. तेव्हा हेच विकर यीस्टच्या पेशीतली जुनी प्रथिनं कापतं आणि त्या तुकड्यांवर पेशी तग धरते. आपल्या मडक्यातला जीव असाच टिकत आला होता, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. शिकून काय उपयोग झाला? नंतर मी घरोघर विचारत फिरले. काकू म्हणाली, "आमी तुज्या आयशीकडूनच न्यायचो. आता दुकानातलं पुडीतलं यीस्ट घालतो." मी नवं पीठ कितीदा आंबवलं. फुगतं, पण ते तुझं नाही, आणि कधीच होणार नाही. विकराचं एकेक वळण मी डोळे मिटून काढू शकते. मूठभर पीठ परत आणू शकत नाही. उद्या पुन्हा वर्गात उभं राहायचं, या विचारानेच जीव विटतो.

हे पत्र हजेरीपटात घालून ठेवीन, आणखी कुठे पाठवणार? एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पाहुणे गेले, तू गोठ्यात होतीस, तेव्हा उरलेले वडे मी चुलीपाशी उभ्याने खाल्ले. आंबट नव्हते. तुला सांगायला अख्खी संध्याकाळ होती.