होकायंत्र वाचता येईल तोवर

८ नोव्हेंबर ९८, रविवार
डिंभे. धरण अजून काठोकाठ. वि. दुपारी एकटाच शीड लावून गेला. मी काठावर जांभळाखाली, दिवाळी अंकातली माझीच कथा वाचत. आवडली नाही. उन्हं कलली तरी होडी दिसेना. शेवटी धोंडूभाऊ मासे निवडायचे टाकून आपली होडी घेऊन गेला आणि वि.ला पलीकडच्या दुसऱ्या वळणामागून घेऊन आला.
“वारा पडला,” वि. म्हणाला.
वारा कुठे पडला होता? माझ्या हातातली पानं धरवत नव्हती.
होडी ओढून बांधताना म्हणतो, एक होकायंत्र घ्यावं.
धोंडूभाऊ : “ह्या पान्यात? सर, हितं उबं राह्यलं तर पल्याडलं शेरडू दिसतंय. समिंद्रावर निगालात का काय?”
वि. हसला. जरा जास्तच वेळ.

९ नोव्हेंबर
नवऱ्यांचे छंद. कुणाचा पत्ते, कुणाचा देव. याचा होडी. पुण्याच्या क्लबने मोडीत काढलेली ही होडी त्याने टेम्पोत घालून आणली, तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. कॉलेजात असताना खडकवासल्याला शिडाची होडी चालवायचा, त्याच वेळी मी याला पाहिलं. पोहता येत नसताना प्रेमात पडले. अजूनही येत नाही. काठावरच असते.
शाळा सोडून वर्ष झालं. “गणित शिकवून कंटाळा आला.” गणिताचा याला कंटाळा? तेव्हा विचारायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर, रविवार
पुणे. जुना बाजार. गंजलेले पाने, फुटके कॅमेरे, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. एका गोणपाटावर दोन होकायंत्रं मिळाली. एक लष्करातलं, झाकणाचं, पितळी, फार देखणं. मला ते हातात घेताक्षणी हवं झालं. वि.ने उघडलं, उन्हात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. “हलकं आहे,” म्हणून ठेवून दिलं. दुसरं मोटारीच्या काचेला चिकटवायचं, प्लास्टिकचं गोळ्यासारखं. ते “खेळणं आहे.”
बाजारवाला म्हणाला, “साहेब, दिशा दाखवायची का वजनावर इकायची?”

येताना नारायणगावच्या स्टँडवर मी केळी घेत होते. वळून पाहते तर वि. भलत्याच जीपमध्ये जाऊन बसलेला. समोर पाटी, हातभर अक्षरं. ड्रायव्हर ओरडला, “ओ सर, ही बेल्ह्याची हाय! जुन्नरची पल्याड!”
“आक्काकडे जाऊन येऊ म्हटलं,” वि. उतरत म्हणाला. आक्का म्हणजे याची थोरली बहीण, बेल्ह्याला असते. सगळी जीप हसली. मीपण.
मग रस्ताभर माझं हसू कुठेतरी अडकून राहिलं.

१८ नोव्हेंबर
लिहायला बसले. ओळ नाही.
आज पाहत राहिले त्याच्याकडे. चहाचा कप उचलायच्या आधी बोटांनी टेबल चाचपतो. पूर्वीपासून का? वर्तमानपत्र खिडकीत उभा राहून वाचतो. पूर्वीपासून?
इतकी वर्षं माणसं न्याहाळून कथा लिहिते मी.

२३ नोव्हेंबर
काल मुंबई. गोदीजवळच्या गल्लीत मोडलेल्या जहाजांचं सामान विकणारं दुकान. म्हातारा दुकानदार, त्याला सगळे चाचा म्हणत होते. त्याने फडकं पसरून होकायंत्रं ओळीने मांडली, सोनार मांडतो तशी. द्रव भरलेली, चकती आत तरंगते. वि. एकेक दाराशी उजेडात नेई आणि परत ठेवी. हे बसकं आहे. हे मळकं. याची काच जाड. मधेच मला, “तुला कुठलं आवडतं?”
चाचा बघत होता. मग मागच्या फळीवरून एक ओबडधोबड पितळी डबडं काढलं. “साहब, ये देखो. लाइफबोट का है. आँधी में, डरे हुए आदमी को भी दिखना चाहिए, इसलिए अक्षर बड़े.”
वि.ने ते डोळ्यांपुढे धरलं. हळूहळू फिरवलं. त्याचा चेहरा असा सैल झाला की मी दुसरीकडे पाहिलं. आत एक बुडबुडा होता, काठाला चरा होता, त्याला काही हरकत नव्हती.
“यही.”
चाचाने बांधून देताना बजावलं, लोहे से दूर रखना, नहीं तो झूठ बोलेगा.

एस.टी.त घाट चढताना विचारलं. सरळच. किती दिसतं तुला?
बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, “समोर डोंगर आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून दिसतो.”

२४ नोव्हेंबर
काचबिंदू. पुण्याच्या डॉ.कडे एकटा जाऊन आला होता, दोनदा. मला सांगितलं होतं पेन्शनची कामं. थेंब घालायचे, आहे ते टिकवायचं. गेलेलं येत नाही. लांबचं आधीच विरघळलंय, कडेचंही. जवळचं, मोठं, ठळक असेल ते दिसतं. शाळा त्यासाठी सोडली. मुलांच्या वह्यांत उणे आणि अधिक सारखं दिसायला लागलं होतं.
“सांगितलं का नाहीस?”
“तू मला होडी सोडायला लावली असतीस.”
हो. लावली असती.

२६ नोव्हेंबर
भांडण, मग रडणं, मग वाटाघाटी. मी म्हटलं धोंडूभाऊला बरोबर ने. तो म्हणाला, मग ती फेरी झाली, शीड चालवणं नाही. वारा गालाला कळतो, शीड हाताला कळतं, फक्त परतीचा काठ कळत नाही. तेवढ्यासाठी होकायंत्र.
शेवटी त्यानेच अट घातली. “हे वाचता येईल तोवर जाईन. ज्या दिवशी वाचता येणार नाही, त्या दिवशी होडी धोंडूला देईन. तुला मागे लागावं लागणार नाही.”
हातावर हात मारला. गणिताच्या मास्तरचा शब्द.

१३ डिसेंबर
होकायंत्र बसायच्या फळीवर, पायांच्या मधोमध बसवलं. पितळी स्क्रू. लोखंडाचं काहीही जवळ नाही, नांगरसुद्धा पार टोकाला. मी काठावरून बघत होते. परतताना होडीचं नाक सरळ जांभळाकडे. अगदी सरळ, आखल्यासारखं. उतरला तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा ओरडला, “शुभा! आलो की नाही!”
धोंडूभाऊ : “मायला, घड्याळ लई भारी हाय.” तो त्याला घड्याळच म्हणतो.
रात्री वि. शीळ घालत होता.

३ जानेवारी ९९
चौथा रविवार. प्रत्येक वेळी जांभळाखाली. आज मी पूर्ण पान लिहिलं. काठावर बसूनच.

१७ जानेवारी
आक्का आल्या, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. होडी बघायचीच म्हणून हटून बसल्या. डिंभ्याला नेलं. हळदकुंकू, नारळ, सगळं. वि.च्या डोळ्यांचं त्यांना आम्ही नीट सांगितलेलं नाही, पण बहीण आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “विनू असा काय बगतो गं? कुणाची तरी नजर लागली त्याला. भारी नोकरी व्हती, भारी बायको, वर ही होडी.”
पिशवीतून घोड्याची नाल काढली, बेल्ह्याच्या बाजारातून खास आणलेली. “काळ्या घोड्याची हाय. होडीला ठोक.”
वि. म्हणाला, “आक्का, असलं काही लावायचं नाही हं.”
“ऱ्हायलं मग.” पिशवीत परत ठेवली. तोंड एवढंसं झालं होतं.

२४ जानेवारी
आज होडी जांभळाकडे आली नाही. खूप वरच्या अंगाला, चिखलात रुतली. धोंडूभाऊने काढली. वि.च्या गुडघ्यापर्यंत चिखल. जेवला नाही.

२६ जानेवारी
मला न सांगता मधल्या वारी एकटाच जाऊन आला. संध्याकाळी कळलं. नांगर काठावर ठेवला, किल्ल्या ठेवल्या, कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवला. तरी दिशा चुकली.
“यंत्र बिघडलं असेल,” मी म्हटलं.
“यंत्रात बिघडण्यासारखं काही नसतं.”
“मी येऊन वाचून बघू? होडीत बसेन मी.”
बसले असते. खरंच.
“नको. मग मला नक्की कळेल.”

३१ जानेवारी
परत तेच. या वेळी आला तो थेट धोंडूभाऊच्या झोपडीत गेला. मी बाहेर उभी.
“धोंडू, होडी तुला दिली. जाळी टाकायला बरी पडेल. शीड काढून टाक.”
“सर, आसं काय करताय? मी हाय की बरुबर.”
“मला आकडे भलतेच दिसतात रे.”
येताना जीपमध्ये माझा हात धरून बसला. शब्द पाळला त्याने. मला हवं होतं ते मिळालं. असं का वाटतंय की मी काहीतरी हिसकावून घेतलं.

१० फेब्रुवारी
वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवतो. “तूच वाच.” मथळेसुद्धा. मथळे त्याला दिसतात, मला माहीत आहे, गेल्या महिन्यात दिसत होते. दाढी करताना आरसा लावत नाही. कॅरमची सोंगटी मारायचं सोडलं. आंधळं होण्याचा सराव करतोय जणू.
डॉ. म्हणाले, तपासणीत फारसा फरक नाही. हे ऐकून वि. फक्त हसला. “तुमच्या तक्त्यावर नसेल.”

२१ फेब्रुवारी
होकायंत्र आणायला मी एकटी डिंभ्याला. पाणी उतरलंय, काठाला गाळाचे पट्टे. धोंडूभाऊने डांबर लावायला होडी कुशीवर टेकवली होती दगडांवर. तो आत यंत्र गुंडाळून आणायला गेला. मी सहज वाकून होडीत पाहिलं. बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला, बरोबर मधोमध, नाल. सात खिळ्यांनी ठोकलेली.
धोंडूभाऊ आला. “ती व्हय? आक्कांनी दिल्ती, संक्रांतीला. म्हनल्या, सरांना पटत न्हाई, त्यांना दिसंल आशी ठोकू नगं. मीच ठोकली.” मग माझ्या तोंडाकडे बघून, “काय चुकलं का बाई?”
बहिणीची माया आहे. धोंडूभाऊचीही.
“काढून दे,” म्हटलं.
पकडीने काढून दिली. घोडेगावपर्यंत जीपमध्ये मांडीवर होकायंत्र, पायाशी पिशवीत नाल. चकती पूर्ण रस्ता पिशवीकडे ओढ घेत होती. शेजारची बाई विचारत होती, हे काय दुखण्याचं यंत्र का.

२२ फेब्रुवारी
म्हणजे आकडे बरोबर वाचत होता तो. सगळे. चुकीचा एकही नाही.

२३ फेब्रुवारी
सांगितलं तर उद्या होडी परत मागेल. शब्द त्याचा वाचता येईल तोवरचा होता, आणि वाचता येतंय. मग कधीतरी, पाण्याच्या मधोमध, खरंच येणार नाही. तो दिवस कुणी येऊन सांगत नाही.
नाही सांगितलं तर तो काठावर सुखरूप. माझ्यासारखा.
आणि आहे तेवढीही नजर मिटून बसलेला.

२८ फेब्रुवारी
नाल पिठाच्या डब्यामागे. होकायंत्र कपाटावर, फडक्यात. दोघांत भिंत ठेवलीय मी.
आक्कांचा फोन. “विनू बरा हाय ना गं?” बरा आहे म्हटलं. “बग. म्हनलं व्हतं ना मी.”
फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

३ मार्च
आज तो दाराच्या उंबऱ्याला अडखळला. दिसला नाही की पाहिलाच नाही? मला आता दोन्हीतला फरक कळेनासा झालाय. कदाचित त्यालाही. हे माझ्या गप्प बसण्याने झालं की डोळ्यांनी, कुणाला विचारू?

७ मार्च, रविवार
रविवार. पूर्वी या वेळी आम्ही जीपमध्ये असायचो.
वि. स्वतःहून म्हणाला, “ते डबडं दे जरा. हातात धरावंसं वाटतंय.”
दिलं. त्याने टेबलावर ठेवलं, बोटं फिरवली, चरा चाचपला. मग तोंड खाली नेलं. डबडं फिरवलं. थांबला. परत फिरवलं.
“शुभा, शिवनेरी या खिडकीत ना?”
“हो.”
“म्हणजे पश्चिम. वाच बरं काय दाखवतंय.”
मी वाचलं. डब्ल्यू.
“मलाही डब्ल्यूच दिसतंय,” तो म्हणाला. आवाज इतका लहान की मला वाटलं स्वतःशीच. मग त्याने खुर्ची वळवली, डबडं दाराकडे केलं, देवघराकडे केलं, एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं. शाळेतला मुलगा पाढा म्हणतो तसं. एकही चुकलं नाही.
डबडं खाली ठेवलं. मग माझ्या दिशेने मान वळवून,
“होडीत काय होतं?”
मी म्हटलं, चहा टाकते.

चहा उकळतोय तोवर ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. डब्यामागून नाल काढली. हातात आहे, गार आणि अपेक्षेपेक्षा जड. बाहेर डबडं टेबलावर सरकल्याचा आवाज येतो, थांबतो, परत येतो. तो हाक मारत नाही. वाट बघतोय.
ही पदरात घेऊन मी नुसती टेबलाशी जाऊन उभी राहिले तरी पुरे. बोलावंही लागणार नाही. चकती आपणहून माझ्याकडे वळेल, आणि अक्षरं मोठी आहेत, त्याला दिसेल.
चहा उतू चाललाय.