करपलेली भाकरी

सांगली,
३ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
रेशमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. बँकेत काम नेहमीसारखंच आहे. खोलीतल्या नळाला आता दोन्ही वेळा पाणी येतं. तुझा खोकला गेला का? अर्जुना मावशीकडून आणलेला काढा संपेपर्यंत घे, अर्धा ठेवून देऊ नकोस.

पत्र बघून दचकू नकोस. आठ दिवस झाले, मी फोन केला की तू "बरी हाय, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. सकाळी सातला कसलं गिऱ्हाईक गं? पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही. सातवी शिकलेली आहेस, सगळं वाच. बिरदेव मामाकडून वाचून घेऊ नकोस, हे तुझं-माझं आहे.

सव्वीस जानेवारीचं पहिल्यापासून सांगते. वरदच्या घरच्यांना सुट्टीत सज्जनगडाला जायचं होतं. वरद, त्याचे बाबा मधुकरकाका, आई शरयूकाकू आणि बहीण मयूरी. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी सातारा बघू, संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर खाऊ आणि परत फिरू, असं ठरलं.

ही माणसं खाण्यातली दर्दी आहेत, हे मान्य करायलाच हवं. शरयूकाकूंच्या पर्समध्ये नॅपकिनात गुंडाळलेले घरचे पाच चमचे असतात. मधुकरकाका प्रत्येक गाड्यासमोर उभे राहतात, हात मागे बांधतात आणि विचारतात, "अंड्याचा तवा वेगळा आहे ना?" पाणीपुरीवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं. पण एकदा खात्री पटली की हात आखडता नाही! पाणीपुरी, मग रगडा, मग डोसा, मग भेळ. भेळेला काकू म्हणाल्या, "आमच्या सांगलीच्या भडंगाची सर नाही," आणि दुसरी पुडी मागितली. मधे कंदी पेढेही झाले. मला ही माणसं आवडतात, आई. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

मी त्यांना मैदानाच्या अलीकडच्या बाजूनंच फिरवत होते. पलीकडच्या कोपऱ्यात काही विशेष नाही, असं सांगितलं होतं.

मयूरीनं भाकरी थापल्याचा आवाज ऐकला. "अख्खा मसूर!" म्हणाली आणि निघालीच.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. तू आम्हाला लांबून बघितलंस. खाली वाकलीस, गोणपाट उचललंस आणि 'फौजी मटण-भाकरी' या पाटीवर टाकलंस. अप्पा फौजेतून आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. ते गेल्यावर सहा वर्षांत तू ती एकदाही झाकली नव्हतीस. पावसातसुद्धा नाही.

मग माझ्याकडे बघून विचारलंस, "काय देऊ, ताई?"

आणि मी म्हणाले, "पाच ताटं द्या."

द्या! जन्मात तुला मी कधी अहोजाहो केलं नाही. त्या दिवशी ते तोंडातून असं सहज निघालं, जसं कितीतरी दिवस तयार करून ठेवलं होतं.

काकांनी तव्याचं विचारलं. तू म्हणालीस, "अंडं न्हाई, दादा. अख्खा मसूर आन भाकरी." खोटं नव्हतं ते. पण खरंही अर्धंच होतं. बाजारात वजनात काटा मारणाऱ्याला चारचौघांत झाडणारी तू, माझ्यासाठी अर्धं बोललीस.

ताटं आली. माझ्या ताटात तू करपलेली भाकरी घातली होतीस, काठानं काळी, कडक, मला लहानपणापासून आवडते तशी. मी तुकडा मोडणार, तेवढ्यात काकूंचं लक्ष गेलं. "अहो, हिला करपलेली का दिलीत? बदलून द्या."

"चुकलं, ताई. देते बदलून," तू म्हणालीस.

माझ्या ताटातली भाकरी उचललीस आणि पांढरी, मऊ ठेवलीस. मी बदलू दिली. तुझं काही चुकलं नव्हतं हे त्या अख्ख्या चौपाटीवर फक्त मला माहीत होतं, आणि मी पाणी पीत बसले.

तू कोण आहेस हे वरदलाही माहीत होतं. त्यानं तुझा फोटो बघितला आहे. तो ताटात मान घालून जेवला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सव्वीस जानेवारीला सोमवार आहे हे बघूनच मी हो म्हणाले होते. शनिवारीही सगळे मोकळे होते, तो मीच मोडून काढला. म्हटलं, सोमवारी आपल्यात मटण नसतं, गाडा बंद, कोपरा रिकामा. दिवाळीपासून तू सोमवारीही मसूर घेऊन उभी राहतेस हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आणि त्यांच्या घरी मी काय सांगितलं होतं? "वडील फौजेत होते. आई घरीच असते."

घरीच असते! ज्या मटणाच्या रश्श्यावर माझी पुस्तकं आली, वसतिगृह झालं, बँकेची परीक्षा झाली, ते मी एका वाक्यात झाकून टाकलं. गोणपाट आधी मी टाकलं, तू नंतर.

त्या रात्री फोनवर तू म्हणालीस, "बरं झालं, त्यास्नी कळलं न्हाई." आई, बरं झालं नाही. तुला कुणी सांगितलं होतं गं इतकं शहाणं व्हायला? एक शिवी हासडायचीस. "रेशमे, मला वळखत न्हाईस व्हय?" म्हणायचीस. मी तिथंच मेले असते आणि सुटले असते.

परवा रविवारी त्यांच्याकडे जेवायला होते. काकू आमटी वाढताना म्हणाल्या, "साताऱ्याच्या त्या बाईंच्या हाताला काय चव होती! तसा मसूर मला जमेना."

मी म्हणाले, "ती माझी आई."

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. म्हटलं, बाकीच्या दिवशी तिथं मटण असतं, पाटीवर तसं लिहिलंय आणि ती पाटी झाकली ती माझ्यामुळे. तुम्हाला न सांगता तिथं जेवू दिलं ही माझी चूक, त्याची माफी मागते. माझी आई कोण आहे आणि काय रांधते, याची माफी मागणार नाही.

मयूरी पटकन म्हणाली, "पण मसूर भारीच होता." तिला गप्प बसवण्यात आलं. वरदनं मान वर केली, एकदाची. म्हणाला, "सांगू नको असं मीच म्हणालो होतो. दोष माझाही आहे." मधुकरकाका हात धुऊन आले, ताट अर्धंच होतं. मग काकूंनी हळूच विचारलं, "पातेलं... तेच असतं का गं?"

आई, मला उत्तर येत होतं. काठाला लाल दोरा बांधलेलं ते सोमवारचं पातेलं, त्याला मटणाचा चमचासुद्धा लागू देत नाहीस. लहानपणी मी एकदा त्यात अंडी उकडली म्हणून पाठीत धपाटा खाल्लाय. त्या दिवशी गाड्यावर मी तो दोरा बघितला होता. एवढं बोलले असते तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. जिभेवर आलंही होतं. पण म्हटलं, नाही. तुला घासूनपुसून, सोवळी करून त्यांच्यापुढे ठेवायची, मग त्यांनी पसंत करायची? ते मी एकदा केलंय.

"ते तुम्ही तिलाच विचारा," मी म्हणाले. "तिची भेट घ्यायची असेल तर बुधवारी या. अकरा तारखेला, सहा वाजता, गाड्यावर."

बुधवारी काय असतं हे त्यांना आता कळतं. काका म्हणाले, "सोमवारी नाही का चालणार?"

"नाही," मी म्हणाले.

वरद येणार आहे. मयूरी येते म्हणते. काका-काकूंचा निरोप अजून नाही. येतील किंवा येणार नाहीत. नाही आले तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल, खोटं कशाला बोलू? वरदवर माझा जीव आहे. पण ज्या घरापायी तुला मला 'काय देऊ, ताई?' म्हणावं लागेल त्या घरात मला सून म्हणून जायचं नाही. हे मी त्यालाही सांगितलंय.

मी अकराला रजा टाकली आहे. दुपारीच येते, कांदा मी चिरेन. तू नवी साडी नेसू नकोस, रोजचीच बरी. रस्सा नेहमीसारखा तिखट कर. ते गोणपाट घरी ठेव. पातेल्याचं कुणी विचारलं तर वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगू. मालकीण तू आहेस.

मला मात्र नावानं हाक मार, पलीकडच्या पाणीपुरीवाल्याला ऐकू जाईल अशी. आणि माझ्या ताटात करपलेली भाकरी घाल. कुणीही बदलून द्या म्हणालं, तरी द्यायची नाही.

फौजी मटण-भाकरीवाल्या साळूबाईची,
रेशमी