‘पेक्षा कमी’ची खूण

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे. ऑफिसची जागा बदलली. नव्या खोलीला खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडते. चहाचं यंत्र मात्र तेच जुनं आलंय आमच्याबरोबर, गळकं.

पत्र बघून हसशील. जन्मभर निरोपांचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पाकिटाला डिंक लावत बसलाय. पण आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, आणि मी घरच्यांसाठी बनवलेलं ते चॅटही तू काढून टाकलंस. बरंच केलंस.

त्या दिवशी रेंज नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं. मामांना, तुलाही. नाचता येईना अंगण वाकडं. रेंज उत्तम होती, ताई. दुपारचे अडीच वाजले होते, मी खुर्चीत होतो आणि फोन समोर टेबलावर होता.

सोपं करून सांगतो. त्या चॅटमध्ये निरोप सुटे येत नाहीत, नळाच्या पाण्यासारखे सलग येत राहतात. इथे एक उघडला, इथे मिटला, हे प्रोग्रॅम मधल्या खुणांवरून ओळखतो. उघडण्याची खूण म्हणजे <, शाळेतली ‘पेक्षा कमी’ची. ती कुणी मजकुरात लिहिली, तर पाठवतानाच बदलून घ्यायची असते. मी ते केलं नव्हतं.

तू लिहिलंस, ‘आईचा ऑक्सिजन < ८०. लगेच ये.’ सतरा वर्षं वॉर्डात काढलेली नर्स दुसरं काय लिहिणार? माझ्या प्रोग्रॅमला वाटलं, काहीतरी नवीन उघडलं. ते मिटायची वाट बघत तो बसला आणि तुझा तो निरोप आणि पुढचेही सगळे गिळत गेला. तुला मात्र प्रत्येकापुढे ‘पोचलं’ दिसत होतं. म्हणून तू फोन केला नाहीस. एका हातात आईचा मास्क, दुसऱ्यात मोबाईल, आणि भाऊ वाचतोय हा भरवसा.

इथपर्यंत लिहून दोनदा कागद फाडला. आता लिहूनच टाकतो.

ही चूक मला माहीत होती. तीन आठवडे आधी मी ते चॅट ऑफिसात प्रोग्रॅममधल्या चुका तपासणाऱ्या बाईंना कौतुकानं दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, कुणी मजकुरातच ही खूण टाकली तर?”

मी म्हणालो, “बाई, घरच्या निरोपात असलं लिहितं कोण?”

सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या फ्रिजवरच्या चिठ्ठीत ‘दूध < अर्धा लिटर’ असतं, हे मला तेव्हाच आठवलं होतं. कंटाळा केला, दुसरं काही नाही. नंतर दुरुस्तीला चार ओळी लागल्या. दहा मिनिटं.

गिळलेले निरोप मी बाहेर काढले. अकरा आहेत. मी वाचले, एवढं तुला कळावं म्हणून शेवटचा इथे उतरवतो: ‘आई विचारतेय, निघालास का. मी हो म्हणाले.’

म्हणजे मी वाटेत आहे असं समजून आई गेली, आणि ते खोटं माझ्यापायी तुला बोलावं लागलं. माफी मागायला मला तोंड नाही. उत्तर लिहू नकोस.

न निघालेला,
तुझा भाऊ