सह

११ फेब्रुवारी, नारायणगाव

मोहनमामांनी वग परत फेकला. खरोखर फेकला, पानं राहुटीभर झाली. (यापुढे नुसतं मो.मा. पूर्ण नाव लिहावं इतका आदर आज उरलेला नाही.)

"लेखकराव, हिरोची एन्ट्री शेवटाला? तवर लोक घरी जाऊन झोपत्याल."

हिरो म्हणजे ते स्वतः. पन्नाशी, डोक्यावर टोप, गुडघ्याला पट्टा. फडाचे मालकही तेच, म्हणून कुणी बोलत नाही. मी बोललो. "मामा, वग कनकसेनेचा हाय, तुमचा न्हाई." शिक्षा म्हणून लाइटबरोबर आता जनरेटरही माझ्याकडे. चालेल.

पानं वैजूने गोळा केली. मो.मां.ची भाची. कनकसेना तीच करणार. शेवटचं पान हातात देताना म्हणाली, "ए कॉलेज, ह्यो राजपुत्र कशाला आणलाय?"

कॉलेज! बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तरी हाक तीच. दुसऱ्या कुणी मारली असती तर कॉलर धरली असती. ती मारते तेव्हा...

१४ फेब्रुवारी

तारखेवरून कुणी काही समजू नये. दिवसभर लिहिलं.

शाप पक्का केला. क.से.च्या घराण्यात जो सिंहासनावर बसेल तो पायापासून दगड होत जातो. जीभ सगळ्यात शेवटी. आजा, पणजा, बाप, सगळे दरबारात दगड होऊन उभे. क.से.ला बसायचंय.

वैजू : "तिला ठावं हाय ना, दगड हुनार?"

"हाय."

"मंग का बसती?"

"बापाला वचन दिलंय."

"वचन न्हाई न् फिचन न्हाई. घर तिचं, खुर्ची तिची, तिला बसायचंय. एवढंच लिव्ह की."

एवढंच लिहिता येईना. चारदा खोडलं. राजपुत्र ठेवला. तो येतो, तिला खुर्चीपासून ओढतो, घोड्यावर घालून नेतो. राजपुत्र लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं ते इथेही लिहिणार नाही.

२० फेब्रुवारी

फळीवरून रण पेटलं.

राहुटीवरच्या पत्र्यावर आजवर "हिराबाई सह मोहन". हिरामावशी म्हणजे वैजूची आई, मो.मां.ची थोरली बहीण. यंदा तिचे गुडघे बसले, स्टेज सुटलं. पाडव्याला गावोगावचे पंच यात्रेसाठी फड ठरवायला इथे येतात, त्याआधी नवी फळी लागायला हवी. मो.मा. म्हणतात, "मोहन सह वैजयंता." वैजू म्हणते, "वैजयंता सह मोहन."

"सहच्या आधी यायला हाडं झिजवावी लागत्यात, पोरी. लॉकडाऊनात समद्यांनी गाड्या इकल्या. मी ट्रक इकला न्हाई. ढोलकीवाल्याला घरात ठिवून जेवू घातलं."

खरं आहे ते. म्हणून तर जास्त राग येतो.

"आईचं नाव पुढं व्हतं, मामा. त्या जागंवर मी."

"जागा काय वारशानं मिळती व्हय?"

"मंग तुमाला कशी मिळाली?"

सोंगाड्या हसला आणि घाईने खोकला.

मला वाटलं, हीच वेळ. ट्रकमागे गाठून सांगून टाकलं. लग्न करू. मी मंचरला मोबाइलचं दुकान टाकतो. तुला नाचायला नको, ह्या लोकांची बोलणी नकोत. ती हसत खालीच बसली.

"म्हंजे राजपुत्र तूच व्हय रं! घोडा कुठं लावलाय?"

गेली उडत. वगही गेला उडत.

२१ फेब्रु.

राजपुत्र ठेवणार. मुद्दाम.

२ मार्च

आमच्या महाळुंगे पडवळच्या शेजारच्याच गावात खेळ होता. काल दहाला लाउडस्पीकरची परवानगी संपली, वग राहिला. गाव म्हणालं, सकाळी हजेरीच्या खेळात दाखवा. म्हणजे भर उन्हात. लाइटवाल्याला काम नाही. हात बांधून उभा होतो आणि गर्दीच्या मागे मोटारसायकलला टेकून आप्पा. माझे वडील. मी फडात आलो तेव्हापासून एक शब्द नाही, आणि आज तोंडाला रुमाल बांधून तमाशात! रुमालाने बाप लपतो होय?

सिंहासन म्हणजे लोखंडी खुर्ची, वर लाल कापड. क.से.ने नुसता हात लावायचा आणि राजपुत्राने शिरायचं. वैजूने हात लावला नाही. सरळ जाऊन बसली.

मो.मा. पडद्याआड, तलवार अर्धी उपसलेली. सोंगाड्याने सावरलं : "महाराणी, राजपुत्र आल्यात! भाईर घोडा लावायला जागा घावंना!"

वैजू : "तसाच माघारी फिरव म्हनावं. हितं बसायला एकच खुर्ची हाय."

लोक लोटपोट. मग हसता हसता थांबले, कारण तिचे चाळ थांबले होते. आधी पाय. मग कंबर. मग हात, मांडीवर होते तिथेच. घुंगरांचा एक दाणा वाजला नाही. वैजू आणि न वाजणारे चाळ, असं कुणी कधी पाहिलंय का? नुसत्या तोंडाने दरबार चालवत होती. कर माफ केला, एका चोराला सोडलं, बापाच्या पुतळ्याला म्हणाली, "आबा, सरका. आता माझी सावली पडनार हितं." मी लिहिलेलं नाही हे. एक ओळ माझी नाही.

मग ओठ थांबले.

टाळी पडली. पडली ती थांबेना.

राजपुत्राची सहा पानं ट्रकच्या सायलेन्सरवर जाळली. माझीच आहेत, जाळीन नाहीतर खाईन.

३ मार्च

मो.मा. ओरडले नाहीत. ते वाईट. टोप पिशवीत घातला आणि म्हणाले, "लाव पुढं तुझं नाव. शिव्याबी पुढच्यालाच पडत्यात, त्या घ्यायची तयारी ठिव. पर माझं नाव सहच्या मागं लागनार न्हाई. ट्रक चालवीन, तंबू ठोकीन. मागं न्हाई."

वैजू : "मामा, मी काय हाकललं का तुमाला?"

"न्हाई. म्हनून तर जात न्हाई."

हिरामावशी सुपारी कातरत होती. लेकीकडे न बघता म्हणाली, "जलमभर नाचले मी. बसले कवाच न्हाई."

वैजूने चाळ सोडले. घोटे सोललेले. मी बघतोय कळल्यावर लुगडं खाली ओढलं.

९ मार्च, महाळुंगे पडवळ

घरी आलो. बोलावलं नव्हतं. आईने ताट वाढलं. आज्ज्याच्या ढोलकीचं रिकामं खोड अजून चुलीजवळ, आई त्यात लसूण ठेवते. लहानपणी मला ते डबडंच वाटायचं.

आप्पा स्वतःहून बोलले. "पोरीची मान हालली न्हाई." एवढंच. पोस्टात जन्म काढलेला माणूस, बोलतोही तारेसारखा. मग जरा वेळाने : "तुझ्या आज्ज्याचं नाव व्हतं फडाच्या फळीवर. गावानं बोलवायचं अन् आपन नाचायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर जाऊन सोताच्या हातानं खरवडलं त्यानं."

"आज्ज्याला नाचवत व्हते, आप्पा. मला कुणी नाचवत न्हाई. मी सोता गेलोय."

"जाणारे समदे असंच म्हंत्यात."

ताटावरून उठलो. आईने परत बसवलं.

निघताना आप्पा गाडीपाशी आले. "पोरगी आण घरी. नाचंना का. पन आपलं नाव त्या पत्र्यावर नको."

आज्ज्याने खरवडलं ते त्याचं नाव. माझं मला खरवडायचं की लिहायचं, ते मी ठरवीन. हे तोंडावर बोललो नाही. इथे लिहितो. भित्रेपणा म्हणा हवं तर. कुणी म्हणून तर दाखवावं.

२९ मार्च, नारायणगाव

उद्या पाडवा. शेजारच्या राहुट्यांना सगळे फ्लेक्स. आमचा पत्राच, हिरामावशीचा हट्ट. पेंटरने "वैजयंता" काढलं. लाल, काळी किनार. ता चा काना जरा वाकडा आलाय, पण काय दिसतंय राव! मग "सह". मग थांबला.

"पुढं काय? का सहच पुसू?"

वैजू म्हणाली, "ऱ्हाऊ दे." आणि माझ्याकडे मान केली. "ह्याला इचार. वग ह्याचा हाय."

"वग तुझा झालाय," मी म्हटलं.

"खुर्ची माझी. वग तुझा."

"ही नोकरी हाय का लगीन?"

"आधी अक्षर तर काढ. मंग सांगती."

"अन् मी दगड झालो तर?"

"लेखकाची जीभ शेवटाला जाती. तवर लिव्ह की."

मो.मा. ट्रकखाली नटबोल्ट आवळत होते. पाना थांबल्याचा आवाज मला आला.

राजपुत्र मीच जाळला. आता घोडा नाही, दुकान नाही, तिला कुठेही न्यायचं नाही. उरलीय ती सहच्या मागची वीतभर जागा. ती मला कमी वाटत नाही, ह्याचाच राग येतोय. महाळुंग्याला फोन लावला. आप्पांनी उचलला. मी बोललो नाही, त्यांनीही ठेवला नाही. चुलीवर काहीतरी तडतडत होतं. लसणाची फोडणी.

पेंटर जेवायला गेलाय. ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात. सहच्या मागच्या जागेवर त्याने दिलेला पांढरा हात अजून ओला आहे. वाळलाय का बघायला बोट लावलं. ठसा उमटला. आता तो पुसावा लागेल, नाहीतर...