दत्तक गावाची म्हैस

तीर्थस्वरूप दाजी महारुद्रअप्पा यांना धाकट्या मेव्हणीचा, म्हणजे सत्यभामेचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवलंय खरं, पण ते आज लई तापलेलं हाय, तवा पाय भाजले तर सोसून घ्या. तुम्ही सगळी खुशाल असाल. अक्काच्या डोळ्याची पट्टी निघाली का अजून हाय? निघंस्तोवर तिला चुलीपाशी जाऊ देऊ नका. आन तुमच्या पायाचं ते जांभळं दुखणं आता कसं हाय? (मागल्या शिमग्याच्या आधी तुम्ही ढोकीच्या पाव्हण्याकडं दहाव्याला म्हणून गेलात ते घोट्यापातूर जांभळे होऊनच परत आलात, आन अक्का बिचारी रोज हळद-तेल चोळत बसायची, म्हणून विचारते.) मी बरी हाय. माझी म्हैस काशी बरी नव्हती, आता बरी हाय. तिच्यापायीच हे पत्र. फोन केला असता, पण फोन तुम्ही कट करता. पत्र कट करता येत न्हाय. नेहमीसारखं अक्काला मोठ्यानं वाचून दाखवा, तिला बी कळू द्या तिच्या बहिणीची काय गत झाली ती.

मागल्या आठवड्यात मंगळवारी तुम्ही माझा खवा परत धाडला. परत धाडायचा तर गुपचूप धाडावा का न्हाय? तर तुम्ही टेम्पोवाल्या गुरुलिंगाच्या हातात डबा दिला आन वरनं निरोप बी दिला, आन त्या मेल्यानं तो निरोप बेंबळीच्या स्टँडवर, भर बाजारात, तिकडून इकडं ओरडून सांगितला, की मावशी, अप्पा म्हणतेत खव्याला दारूचा वास येतोय, देवीच्या पेढ्याला चालायचा न्हाय, भट्टी लावली का म्हणून इचारा! अवो दाजी, भट्टी हायच माझी. खव्याची हाय. माझ्या सासूनं लावली, तिच्यामागं म्या चालवली, आन तुमच्या दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध खव्याचे पेढे' लिहिलंय त्यातला खवा त्याच भट्टीवरचा हाय. पण बाजारात 'भट्टी' म्हणल्यावर कुणाच्या डोळ्यापुढं खवा येतो? भाजीवाली तराजू तसाच धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. एक म्हातारा तर जवळ येऊन हळूच भाव विचारून गेला. डबा घेऊन मी घरी कशी आले ते माझं मला ठाऊक.

आता वास कुठनं आला ते सांगते. तुम्हाला ते आमच्या गावावरच्या माळावरचं 'द्राक्षरंग' ठाऊकच असंल. (कसं ठाऊक असंल ते पुढं येईल.) वाइनचं संस्कृती केंद्र म्हणतेत त्याला. म्हणजे दारू खाली तळघरात आन संस्कृती वर अंगणात. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतेत, खाटल्यावर बसून गाणं ऐकतेत, जुनं जातं बघून फोटो काढतेत, आन एका मोठ्या लाकडी टबात द्राक्षं टाकून त्याच्यावर पायानं नाचतेत. खायची वस्तू पायाखाली घालायची आन वर पैसे द्यायचे. माझ्या सासूनं बघितलं असतं तर एकेकाच्या पोटरीवर चुलीतलं लाकूड ठेवलं असतं.

त्यांचं ते काय चाललंय ते चालू द्या, आपल्याला काय करायचं, असं मी बी म्हणत होते. पण संक्रांतीनंतर तिथल्या राजनंदिनी मॅडम शाळेच्या पटांगणात आल्या, मांडव घातला, सरपंच बलभीमच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, आन माइकवर सांगितलं की आजपासून आम्ही तुमचं गाव दत्तक घेतलंय. सामाजिक जबाबदारी म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (आपल्या लोकांना नारळ दिसला की टाळी वाजवायची सवयच हाय.) म्या शेजारच्या बिस्मिल्लाबीला विचारलं, आपण काय बेवारस हाव का गं? ती म्हणाली, "चुप बैठ, सत्तो, थैली बाँटरैं." खरंच, कापडी पिशव्या वाटल्या. प्लास्टिक टाळा म्हणे. पिशवी चांगली जाड, पण तिच्यावर हा एवढा मोठा वाइनचा पेला छापलेला. ती घेऊन आमी देवीला खण-नारळ न्यायचा का? बिस्मिल्लाबी तर पिशवी उलटी करूनच वापरते, आन शिवण बाहेर दिसते म्हणून वर मलाच शिव्या देते. दुसऱ्या दिवशी वेशीवर पत्र्याचा बोर्ड लागला: 'द्राक्षरंग वाइन संस्कृती केंद्राचे दत्तक गाव.' गावाचं नाव खाली, बारीक.

दत्तक म्हणल्यावर काहीतरी देतील असं वाटलं. दिलं. चोथा दिला! द्राक्षं पिळून झाली की साली, बिया, देठ उरतेत, तो चोथा. आधी ते माळावरच्या खड्ड्यात टाकायचे. आता म्हणे शून्य कचरा करायचा, शाश्वत विकास करायचा. बलभीमला विचारलं, शाश्वत म्हणजे काय रं? तर तो म्हणतो, काकू, कायम टिकणारं. (ते मात्र खरं निघालं. वास कायम टिकला.) रोज सांजच्याला ट्रॅक्टर यायचा आन दारोदार ढीग टाकून जायचा, जनावरांना घाला, पौष्टिक हाय, फुकट हाय. असा त्यांचा कचरा शून्य झाला, कारण आमचे उकिरडे भरले. आन तो चोथा ताजा कुठं होता! टाकीत फसफसून फसफसून, त्यातली दारू काढून घेऊन, मग आमाला दिलेला. पिळून घेतल्यावर बी त्यात जी राहायची ती राहिलीच होती.

काशी आधी नाक मुरडायची. मग चाखलं. मग तिला दुसरं काय रुचेना. कडबा टाकला तर माझ्याकडं अशी बघायची, जशी काय मी तिला शिळं वाढलंय. चार पाय चार दिशेला टाकून उभी राहायची, मान डुलवायची, आन डोळे असे जड, की मला माझ्या थोरल्या दिराची आठवण व्हायची. एका सकाळी तुळजापूरच्या एष्टीपुढं मधोमध बसली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर तिनं त्याला रेकून उत्तर दिलं. पुन्हा हॉर्न, पुन्हा रेकणं. कंडक्टर खाली उतरला, तिच्या तोंडापाशी वाकला आन मागं सरकून म्हणाला, "मावशी, हिनं घेतलीय का?" सगळी एष्टी खिडकीतनं बघत होती. तिकडं बिस्मिल्लाबीची म्हैस बी तसलीच. ती बिचारी नमाजी बाई, दाराशी बसून कपाळ बडवायची, "या अल्ला, मेरे घर में शराब की बू, वो भी भैंस के मुँह से!" तेवढ्यात तुमचा डबा परत आला, आन मला उमगलं की दूध आटवल्यावर तो वास बी आटला आन घट्ट झाला. तुमच्यामागं बाकीच्या दुकानांनी बी आमच्या गावाचा खवा बंद केला. म्हणतेत, वेशीवर बोर्डच हाय की, वाइनचं दत्तक गाव, तिथला खवा कसा असणार! म्हणजे गोठा माझा, आटवणं माझं, नाव सासूचं, आन गावभर नाक कापलं त्या पत्र्यानं.

रविवारी मी चोथा बंद केला. काशीनं दावं तोडलं आन सरळ माळाची वाट धरली. मी मागं. (या वयात आन या गुडघ्यांनी!) वर बघते तर मोठा जलसा. पाव्हणे गवताच्या पेंढ्यांवर बसलेले, नाचणीचं काय काय खातेत, पडद्यावर आमच्याच गावाचा शिनेमा लावलेला आन राजनंदिनी मॅडम माइकवर सांगतेत की आम्ही या गावाला कसं पोटच्या लेकरासारखं सांभाळतो. तेवढ्यात त्यांचं लेकरू शिंगं हलवत मधनं गेलं आन त्या नाचायच्या टबात तोंड घालून उभं राहिलं. दोन बायका टबातच होत्या, किंचाळत बाहेर. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमच हाय.

मग म्या तोंड सोडलं. तुम्हाला ठाऊक हाय माझं तोंड, तुमच्याच लग्नात जेवणावळीला सोडलं होतं. म्हणलं, बाई, दत्तक घेतलं म्हणता, तर दत्तक कसं घेतेत ठाऊक हाय का? देणारी आई लागते. ती उभी राहून आपलं लेकरू उचलून घेणारणीच्या ओटीत घालते, तवा ते दत्तक. आमाला तुमच्या ओटीत कुणी घातलं? बलभीमनं? तो आमची आई हाय का बाप? आन घातलं असंल तर मग घरात जागा द्या, आडनाव द्या, वाटा द्या. ही काशी तुमची नात लागली, हिला कुठं बांधू सांगा, वैरण कोण टाकणार सांगा, आन हिचं दूध नासलं त्यात गेलेली लाज कुठनं भरून देणार ते बी सांगा. लेकराला दारू पाजणारी आई म्या अजून बघितली न्हाय!

मॅडम घामाघूम. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काकू, तसं नसतं हो. दत्तक हा फक्त एक शब्द आहे." हळूच म्हणाल्या, पण माइक हातातच होता. सगळ्या माळावर घुमलं: फक्त एक शब्द आहे. म्या म्हणलं, मग पुसा की. शब्द तुमचा, नाव आमचं, आन दोन्ही एका पत्र्यावर कशापायी? 'बघतो' म्हणाल्या. 'काढतो' कुणी म्हणालं न्हाय.

त्यांचं बघणं आमी सोमवारी संपवलं. मी आन बिस्मिल्लाबीनं पान्हा घेऊन वेशीवरचा बोर्ड उतरवला, आन गावातल्या समद्या बाया त्यांच्याच पेल्याच्या पिशव्यांत त्यांचाच चोथा भरून वर गेलो आन गाड्या लावायच्या फरशीवर ढीग लावून आलो. आता शून्य त्यांचं त्यांनी मोजावं. बोर्ड वाया घालवला न्हाय. काशीच्या गोठ्यावर गळतीच्या जागी ठोकलाय, अक्षरं आतल्या अंगाला. गावाला ते वाचायला लागू नये. काशीनं वाचावं.

असो. रागाच्या भरात लई लिहिलं. काशी आता कडब्यावर आलीय, पहिले दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आता चाटते. अक्काला माझा नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुमचा राग आला न्हाय असं म्हणणार न्हाय. आलाय. तरी तुम्ही मोठे.

तुमची,
सत्यभामा

ता. क. गुरुलिंगाबरोबर नव्या खव्याचा डबा धाडतेय. वास घेऊन बघा. इथं बिस्मिल्लाबीनं घेतलाय, आन दारूच्या बाबतीत तिच्याएवढं कडक नाक अख्ख्या तालुक्यात न्हाय. ती म्हणाली, "पाक है." म्हणजे शुद्ध हाय. तुम्ही घेतला की बाकीची दुकानं आपोआप घेतील. बिस्मिल्लाबीचं दूध बी त्याच भट्टीवर येतं, तवा हे एका घराचं न्हाय. एवढंच मागणं हाय, त्यासाठीच एवढं लिहिलं.

आणखी ता. क. दाजी, इथनं पुढचं अक्काला वाचून दाखवू नका, मनात वाचा. त्या रविवारी केंद्राच्या भिंतीवर म्या फोटो बघितले. 'उद्घाटन सोहळा, आमचे स्थानिक भागीदार.' मधोमध एक गृहस्थ, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, गळ्यात हार, हातात पेला, आन दोन्ही पाय टबातल्या द्राक्षांत. तारीख मागल्या शिमग्याच्या आधीची. माझ्या खव्याचा वास तुमच्या नाकाला लगेच कळला, मग ढोकीच्या दहाव्याचा वास पायाला कसा आला न्हाय? तवा सुरुवातीला पायावर जे डोकं ठेवलं होतं ते उचलून घेते. धुतल्यावर ठेवीन.

शेवटचं. मी अक्काला काय बोलले न्हाय, बोलणार बी न्हाय. पण तिची पट्टी निघाली की तिला हवापालटाला आमच्याकडं आणावं म्हणतेय. इथं फिरायला जागा एकच, तो माळ. फोटो भिंतीएवढा हाय, एका डोळ्यानं बी दिसंल. रिकामा डबा शुक्रवारी गुरुलिंगाबरोबर परत धाडा.