डोळे मिटले की लूम बंद

मंगळवार, मे २००६, निजामपुरा

शेजारच्या नाझनीनच्या ओढणीला चिकटलेला तो कापूस डोळ्यांसमोरून जातच नाही.

लायब्ररीतल्या त्या जाड पुस्तकांमधल्या पोरांकडे गुप्त शक्ती असतात ना, तशी माझ्याकडेही आहे, अशी थाप मीच तिला मारली होती. मी डोळे मिटले की गल्लीतले सगळे कापड विणायचे लूम बंद! पेपरात लोडशेडिंगची वेळ बघायची आणि तेव्हाच डोळे मिटायचे, एवढंच. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून खपलं.

आज लाइट पेपरातली वेळ नसताना दुपारीच गेली. संध्याकाळी ती धावत आली. "तूने बंद किया ना? अब चालू कर दे. अब्बा दोपहर से लूम पे खाली बैठे हैं, माल आज ही देना है."

तेव्हा तरी खरं बोलायचं! मी काय केलं? परत डोळे मिटले. घट्ट. लूम गप्पच. मला घाम फुटला, तर तिने त्याच कापूस लागलेल्या ओढणीने माझं कपाळ पुसलं. "रहने दे, थक गई होगी."

जाताना दारातून हळूच म्हणाली, "अब्बा को तेरा नाम नहीं बताया मैंने."